फक्त पहिली

माणसाला जमिनीवरून काढलं तर तो वकील गाठतो, नोकरीवरून काढलं तर पुढारी गाठतो, पण व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून काढलं तर तो थेट घरी येतो. हे मी मठपती मॅडमच्या ओसरीत बसून डोळ्यांनी बघितलंय. रविवारी सकाळी दोन-चार माणसं ठरलेली. कुणी मुख्याध्यापक, कुणी संघटनेचा माणूस, एकदा तर एक रिटायर झालेले गुरुजी नातवाला घेऊन आले होते. गाऱ्हाणं सगळ्यांचं एकच, मला का काढलं? मॅडम त्यांना बसवायच्या, चुरमुऱ्यांचा सुशीला खाऊ घालायच्या, आणि ताटली रिकामी झाली की विचारायच्या, "वर्ग कोणता हाय तुमच्याकडं?" पहिली नसली की विषय संपला. चहा मिळायचा, ग्रुप मिळायचा नाही.

ग्रुपचं नावच 'फक्त पहिली' होतं. जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिलीच्या वर्गाला शिकवणारे गुरुजी आणि बाया, एवढेच त्यात. दुसरीवाले नाहीत, मुख्याध्यापक नाहीत, साहेब नाहीत. सुरुवातीला आमच्या तालुक्यातले अकरा जण होतो. मग शिरूर अनंतपाळकडचे आले, हिमायतनगरकडचे आले, करत करत दोनशेच्या वर गेलो. तालुक्याचं नाव मी सांगणार नाही. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांच्या शिवेवरचा आहे, एवढं पुरे. नाव सांगितलं की साहेबाचंही नाव सांगितल्यासारखं होईल, आणि माझी अजून नऊ वर्षं नोकरी राहिलीय. हो, भितो मी. मॅडम भीत नव्हत्या, म्हणून तर त्यांच्यावर लिहायला बसलोय.

महानंदा मठपती. माहेर देवणीचं, सासर आमच्या तालुक्याच्या गावी, नवऱ्याचं भुसार दुकान. सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय फोनला हात लावायच्या नाहीत, आणि पूजा झाली की कपाळावरचं भस्म ओलं असतानाच फोन घ्यायच्या. त्यांचे सगळे आवाजी निरोप सकाळी आठ ते नऊमधले, स्वयंपाकघरातले. मागं कुकरच्या शिट्ट्या, भाकरी थापल्याचा आवाज, मधेच नवऱ्याला "ओ, दूध उतू चाललंय, बगा की." आणि त्यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर. दोन मिनिटांच्या वर कधी बोलल्या नाहीत. लांबण लावणाऱ्या माणसाला त्या 'प्रशिक्षण' म्हणायच्या. "ते काय, ते प्रशिक्षण हाय," असं एखाद्याबद्दल त्या म्हणाल्या की त्या माणसाचा निकाल लागला समजायचं.

ग्रुपात यायला त्यांचा एकच सवाल असायचा. आज कोण अडलं, आणि कशात अडलं? याचं उत्तर बोलून पाठवायचं. मला त्यांनी विचारलं तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात पायाभूत साक्षरतेवर एक पानभर लिहून पाठवलं. लगेच फोन आला. म्हणाल्या, गुरुजी, हे परिपत्रक झालं, पोराचं नाव सांगा. मला नाव सांगता येईना. एकोणीस वर्षं झाली होती मला शिकवायला लागून, आणि आज माझ्या वर्गात कोणतं लेकरू कुठं अडलं हे मला सांगता येईना! दुसऱ्या दिवशी वर्गात बसून नुसतं बघत राहिलो. मग कळवलं, आयेशा वजाबाकीत हातचा घ्यायला अडते, आणि अडली की दप्तर आवरायला लागते. मॅडमनी मला घेतलं. वर सांगितलं की पहिलीत हातचा कशाला शिकवून राहिलाव, ते दुसरीत हाय, लेकराला सोडा. अशी माझी एन्ट्री झाली, पहिल्याच दिवशी कान उपटून घेऊन.

एवढा कडकपणा कशाला, हे पुष्कळांना कळायचं नाही. मलाही कळलं नव्हतं. एकदा मी त्यांच्या शाळेत गेलो तेव्हा ओट्यावर डबा खाताना त्यांनी सांगितलं. त्यांना पहिल्यांदा पहिली मिळाली त्या वर्षी मारुती नावाचं एक पोरगं होतं. फळ्यावरचं काही लिहायचं नाही, दुसऱ्याच्या पाटीत डोकावायचं. मॅडमनी तालुक्याच्या मोठ्या शिक्षक ग्रुपवर विचारलं, असं असं पोरगं आहे, काय करू? त्या दिवशी कुण्या सभापतीचा वाढदिवस होता. प्रश्नावर केकाचे फोटो येऊन पडले, फटाके येऊन पडले, 'आदरणीय' आणि 'लाडके' येऊन पडले, आणि प्रश्न गेला खाली. कुणी बघितलासुद्धा नाही. मॅडमनी वर्षभर त्या लेकराला मंद समजलं. त्याचे आईबाप ऊसतोडीला गेले तेव्हा त्यालाही घेऊन गेले, आणि पुढच्या साली तपासणीच्या वेळी त्याच्या धाकट्या भावाला लांबचं दिसत नाही हे निघालं तेव्हा मॅडमच्या डोक्यात प्रकाश पडला. थोरल्यालाही दिसत नव्हतं. कोणत्याही जुन्या गुरुजीनं एका ओळीत सांगितलं असतं, की बाई, त्याला पुढं बसवा आणि डोळे तपासा.

"केकाखाली गाडलं मी त्या पोराला," त्या म्हणाल्या. नंतर डबा तसाच बंद केला.

म्हणून ग्रुप. म्हणून फक्त पहिली. गुड मॉर्निंग टाकलं की पहिल्यांदा फोन, दुसऱ्यांदा बाहेर. देवाचा फोटो टाकला तरी बाहेर. त्यांचे सख्खे दीर संघटनेचे तालुकाध्यक्ष, सातवीला शिकवणारे. मोर्चाचा निरोप टाकायला का होईना मला घ्या म्हणून ते दोन वर्षं वहिनीच्या मागं लागले होते. सणावाराला पंगतीत रुसून बसायचे. मॅडम त्यांना आग्रहानं पुरणपोळी वाढायच्या, तूप वाढायच्या, आणि म्हणायच्या, भाऊजी, औंदा पहिली मागून घ्या, मग या.

एकदा एक जण घुसला. वह्या-पुस्तिका विकणारा माणूस, कुण्या गुरुजीचं नाव लावून. त्याचं उत्तर आलं की माझ्या वर्गातले सर्व विद्यार्थी प्रगत आहेत. मॅडमना संशय आला. त्यांनी फोन लावून गोडीत विचारलं, सर, तुमच्या वर्गात लेकरांचा शेंबूड कोण पुसतं हो? तो हसला आणि म्हणाला, शिपाई आहे ना त्यासाठी. आता सांगा! जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिपाई! आमच्याकडं घंटा गुरुजी वाजवतात, झाडू गुरुजी मारतात, खिचडीच्या तांदळातले खडे गुरुजी बघतात. मॅडमनी त्याला फोन चालू असतानाच काढलं. ही गोष्ट आम्ही लई दिवस एकमेकांना सांगून हसत होतो.

पण सगळेच हसले नाहीत. त्यांची आई देवणीला वारली तेव्हा कुणीतरी बातमी ग्रुपात टाकली. झालं. 'भावपूर्ण श्रद्धांजली' सुरू. मॅडम माहेरी होत्या, मातीला. दुपारी आम्ही बघितलं तर सगळे श्रद्धांजलीचे निरोप पुसलेले, एकूण एक, आणि खाली त्यांचा आवाज. मागं बायकांचं रडणं ऐकू येत होतं. म्हणाल्या, माझ्या आईसाठी ज्याला वाटतंय त्यानं घरी यावं, नसता फोन करावा. निलंग्याच्या बाईंनी सकाळी विचारलंय की पोरगं शाळेत आल्यापासून सुटेपर्यंत रडतंय, त्यांचं खाली गेलंय. त्यांना कुणीतरी सांगा.

त्यावर कितीजण बोलले! काळीज आहे का दगड, म्हणाले. आई मेली तरी मिरवणं सुटलं नाही, असंही एक जण म्हणाला. त्यांच्यातला एकही माणूस देवणीला गेला नाही, एकानंही फोन केला नाही. दोन बोटांनी श्रद्धांजली टाकायची आणि मोकळं व्हायचं, ते त्यांना काढून घेतलं म्हणून राग. मी गेलो होतो. मॅडम मला बघून रडल्या, चांगल्या हमसून रडल्या. दगड बिगड काही नव्हतं.

आता साहेबाचं सांगतो, आणि माझंही सांगतो.

त्या सुमारास ग्रुपाचे दोन ॲडमिन होते, मॅडम आणि मी. आमच्या केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेला साहेब आले. तालुक्याच्या शिक्षण खात्याचे, नवीनच रुजू झालेले. परिषद संपल्यावर मला जवळ बोलावलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, आमच्या तालुक्यात दोनशे शिक्षकांचा ग्रुप चालतो आणि आम्हालाच त्यात घेत नाहीत, हे कसं काय गुरुजी? आणि फोन नंबर सांगायला लागले. मी काय करावं? मी उभा राहिलो. नंबर घेतला. साहेबाला आत घेतलं. पहिली आहे का, कोण अडलं, काही नाही. साहेब खोलीत आला की आम्ही उठतो, तशीच आमची बोटंही उठतात. डी.एड.ला शिकवत नाहीत हे, पण सगळ्यांना येतं.

सायंकाळी साहेबाचा पहिला निरोप आला. अतितातडीचे. खालील लिंक सर्वांनी तात्काळ भरावी. पुढच्या घटकेत एकशे ऐंशी वेळा 'होय सर', 'नक्कीच सर', आणि हात जोडलेले. दुसऱ्या दिवशी वर्गाचे फोटो मागितले. तिसऱ्या दिवशी कुण्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाला झाड लावतानाचे फोटो मागितले. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. लिंका भरायला आम्हाला आधीच चार ग्रुप होते, तिथं काय कमी पडत होतं? पण सत्तेला मोकळी जागा बघवत नाही. चार माणसं आपल्या मर्जीनं बसून आपल्या कामाचं बोलतात हेच तिला खुपतं.

मॅडमनी मला फोन केला. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. त्या एवढंच म्हणाल्या, "गुरुजी, ही तुमची चूक न्हाई, सवय हाय." चूक म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मग त्यांनी साहेबालाही तोच सवाल विचारला, सगळ्यांसमोर, जसा सगळ्यांना विचारायच्या तसा, अदबीनं. नमस्कार सर, आपलं स्वागत, आज कोण अडलं, कशात अडलं? साहेबानं उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मॅडमनी पुन्हा विचारलं आणि लिहिलं की सर, आपल्याला वर्ग नसेल तर आपल्या शाळाभेटीत बघितलेलं एखादं लेकरू सांगितलं तरी चालेल. बघा, त्यांनी साहेबासाठी वाट काढून दिली होती. एवढी वाट त्यांनी सख्ख्या दिराला काढून दिली नव्हती. साहेबाला तालुक्यातल्या एकाही लेकराचं नाव सांगता आलं नाही. त्यानं परत लिंक टाकली. तिसऱ्या दिवशी सकाळी, कपाळावरचं भस्म ओलं असताना, मॅडमनी साहेबाला काढलं.

आठवड्यात कागद आला. कार्यालयीन कामकाजाच्या सोयीसाठी, पुढील आदेशापर्यंत, प्रतिनियुक्ती. म्हणजे शाळा सोडून तालुक्याच्या कार्यालयात कॉम्प्युटरवर बसायचं. त्यांच्या पहिलीतली एकवीस लेकरं दुसरीच्या वर्गात नेऊन कोंबली. शिक्षक कमी आहेत म्हणून ओरडणाऱ्या खात्यानं एक वर्गावरची बाई उचलून माहिती भरायला बसवली, आणि तीही कशासाठी, तर एका माणसाला एका ग्रुपातून काढलं म्हणून! बरं, कागदावर तसं कुठंच लिहिलेलं नाही. कागद अगदी सोवळा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

तुम्हाला वाटेल दोनशे जण पेटून उठले असतील. एक निवेदन दिलं नाही कुणी. दीर तालुकाध्यक्ष, रोज मोर्चाची भाषा करणारे, ते म्हणाले की वहिनीनं जरा सबुरीनं घ्यायला पाहिजे होतं. ज्यांची लेकरं मॅडमच्या एका वाक्यावर वाचायला लागली त्या गुरुजींनी खाजगीत 'लई वाईट झालं' असं पाठवलं, तेही मला. मी एक अर्ज लिहिला होता. तीन दिवस खिशात घेऊन हिंडलो. तो कुठं गेला ते विचारू नका.

ज्या दिवशी त्या कार्यालयात हजर झाल्या, त्याच दिवशी दुपारी माझ्या फोनवर एक ओळ आली. मठपती मॅडम ग्रुपमधून बाहेर पडल्या. ही ओळ आता फक्त ॲडमिनला दिसते, बाकीच्यांना दिसत नाही. म्हणजे मला एकट्याला दिसली. मी तिथल्या तिथं फोन लावला. म्हटलं, मॅडम, तुम्हाला कुणी काढलं? त्या म्हणाल्या, कुणी कशाला काढतंय, माझ्याकडं वर्ग न्हाई आता. मी चिडलो. म्हटलं, अहो, ग्रुप तुमचा, नियम तुमचा, तुमच्यासाठी कसला आलाय नियम?

"मंग कुणासाठी?" त्या म्हणाल्या. त्यांना खरंच उत्तर पाहिजे होतं.

त्या गेल्यात हे कितीतरी जणांना महिनाभर कळलंच नाही. मला वाटतं काहींना अजून कळलेलं नसेल.

पुढचं सांगायला लाज वाटते, पण सांगतो. साहेबानं मला बोलावलं. ओरडला नाही. चहा पाजला. गुरुजी, तुम्ही समजूतदार आहात, म्हणाला. मी त्याला परत घेतलं, आणि ॲडमिनही केलं. समजूतदार! त्या दिवसापासून कुणी मला समजूतदार म्हटलं की माझं डोकं फिरतं. ग्रुपाचं नाव साहेबानं बदललं, मुख्याध्यापक घेतले, केंद्रप्रमुख घेतले, पुस्तिका विकणारा तो माणूसही आता त्यात आहे, आणि त्याला कुणी काढत नाही. आणि मी? मी सगळे करतात तेच केलं. ग्रुप म्यूट केला.

गेल्या महिन्यात शाळेचा एक फॉर्म द्यायला कार्यालयात गेलो. कोपऱ्यात, फायलींच्या ढिगाआड, मॅडम बसल्या होत्या. थोड्या वाळल्या होत्या. मला बघून हसल्या, खुर्ची ओढून दिली. टेबलावर साहेबाचा फोन होता. साहेबाला मराठी टाइप करायचा कंटाळा, म्हणून आतून सांगतो आणि मॅडम लिहितात. ग्रुपावर 'अतितातडीचे' म्हणून जे येत होतं, ते इतके दिवस मॅडमच्या हातून येत होतं. मी उठायला लागलो तर त्यांनी मला खूण करून बसवलं, आणि तो फोन माझ्यापुढं सरकवला. खाली साहेबाचा नवा निरोप लिहून तयार होता, पाठवायचा राहिला होता. मॅडमनी बोटानं वर, आणखी वर सरकवत नेलं. हिमायतनगरकडचे एक गुरुजी. वीस वर्षं सातवीला शिकवून त्यांना पहिल्यांदाच पहिली मिळाली होती. त्यांनी लिहिलं होतं की एक मुलगी दोन महिने झाले वर्गात एक शब्द बोलत नाही, घरी तेलुगू बोलतात, कुणीतरी मार्ग सांगा.

"तीन दिस झाले," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "औंदा पहिली हाय न्हवं तुमच्याकडं? लिवा."

मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहितो. त्यांनी मान हलवली. तुमच्या वर्गात तुम्ही काय केलं ते लिवा, म्हणाल्या. मी माझा फोन काढला. ग्रुपात चारशेच्या वर न वाचलेलं पडलं होतं, आणि त्या ते बघत होत्या. मी लिहायला लागलो. गुरुजी, मुलीला बोलायला लावू नका. तिच्याकडून तुम्हीच चार तेलुगू शब्द शिका, पाणी, ये, भाकरी, काहीही. तुमचं चुकलं की ती हसेल. हसली की बोलेल.

आतून साहेबाचा आवाज आला, "मॅडम, टाकलं का?"

मॅडमनी साहेबाच्या फोनवरचं बोट काढून हात मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, टाकते सर. माझं अजून लिहून झालं नव्हतं. साहेबानं पुन्हा विचारलं, जरा आवाज चढवून.

"रेंज न्हाई सर," मॅडम म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांना खोटं बोलताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

मी पाठवलं. दोघंही त्या टेबलावर वाकून बघत बसलो. मग हिमायतनगरचे गुरुजी लिहितायत असं दिसलं, आणि त्यांचं आलं, उद्याच करून बघतो. मॅडमनी ते साहेबाच्या फोनवर दोनदा वाचलं, आणि मग साहेबाचा निरोप पाठवून दिला.